चौथ्या गाण्यातले तीन ठोके

१

माझ्या वहिनीनं एकतीस वर्षं सांभाळलेली रेकॉर्ड सोमवारी सकाळी तिच्या कव्हरात नव्हती, आणि मंगळवारी दुपारपर्यंत वहिनी चोर ठरली होती. चौकशी वगैरे काही नाही. संचालकांनी तिला बोलावलं, एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला आणि पेनचं टोपणही स्वतःच काढून दिलं. मला सगळ्यात जास्त चीड आली ती त्या टोपणाची.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यानंतर ती खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या. मी जन्मभर रेडिओ आणि रेकॉर्ड-प्लेअर दुरुस्त केले. ती शहराच्या वाचनालयात श्रवणकक्ष सांभाळते. लांबट खोली, भिंतीला लावलेल्या पाच खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक हेडफोन. पलीकडे काच, काचेमागं वहिनी, दोन मशिनं आणि कुलपाचं कपाट. ऐकणाऱ्यानं रेकॉर्डला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. तो काचेच्या फटीतून चिठ्ठी देणार, वहिनी सुती हातमोजे घालणार, रेकॉर्ड काढणार, पुसणार, सुई टेकवणार. तो इकडं बसून फक्त ऐकणार.

गेली ती रेकॉर्ड काही साधी नव्हती. स्कँडिनेव्हियातल्या चार पोरांनी ऐंशीच्या दशकात ती काढली. हेवी मेटल. माझ्या कानाला ते पत्र्याच्या गोदामात वादळ शिरल्यासारखं वाटतं, पण ज्यांना लागलं त्यांना वेडच लागलं. तीनशे प्रती निघाल्या, चौघं भांडून वेगळे झाले, आणि ज्या स्टुडिओत मूळ टेप होती तो जळाला. उरलेल्या प्रती कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही. आमच्या वाचनालयाकडं एक होती, कारण एका खलाशानं मरताना आपला सगळा संग्रह दान केला होता. नाव कुणाला धड उच्चारता येत नसे. कव्हरवर बर्फात अडकलेली घंटा होती, म्हणून सगळे तिला ‘घंटा’ म्हणायचे. लांबलांबून माणसं यायची, चाळीस मिनिटं हेडफोन लावून बसायची आणि डोळे पुसत जायची.

सोमवारी एकानं चिठ्ठी दिली, वहिनीनं कव्हर काढलं, तर आत कुठल्याशा बँडपथकाची रेकॉर्ड.

कागदावर लिहिलं होतं की हलगर्जीपणा मान्य आहे आणि मी स्वखुशीनं नोकरी सोडते. शुक्रवारपर्यंत सही केली नाही तर पोलीस. कपाटाची किल्ली तिच्याकडं असते, म्हणून चोर ती. एवढंच त्यांचं डोकं चाललं होतं.

वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. रडली नव्हती. मला म्हणाली, “भाऊजी, एक सांगायचं राहिलं. किल्ल्या दोन आहेत.”

२

बुधवारी मी संचालकांकडं गेलो. खोली मोठी, टेबल मोकळं, खिडकीत एक वाळलेलं झाड. त्यांनी मला बसा म्हटलं, पण खुर्ची कुठली ते सांगितलं नाही.

पहिली दहा मिनिटं त्यांनी मला समजावलं. वहिनीबद्दल त्यांना आदर होता म्हणे. इतक्या वर्षांची सेवा, म्हणून तर पोलिसांऐवजी कागद पुढं केला. एका गोंगाटाच्या रेकॉर्डसाठी कुणाचं म्हातारपण खराब व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. ती रेकॉर्ड त्यांनी स्वतः कधी ऐकलीय का, असं मी विचारलं. ऐकली नव्हती. एकदा हेडफोन कानाला लावून लगेच काढला होता, असं त्यांनी हसत सांगितलं.

मग मी विचारलं, कपाटाला किल्ली एकच आहे का?

“दुसरी माझ्या खणात असते. आणि ती मी कुणालाही दिलेली नाही,” ते म्हणाले.

दिली का, असं मी विचारलंच नव्हतं. त्यांनी खिडकीतल्या झाडाकडं पाहिलं, मग घड्याळाकडं.

टेबलाच्या कोपऱ्यावर एक नवीकोरी रेकॉर्ड पडली होती. कव्हरवर बर्फातली घंटा. मी हात पुढं केला, पण ती आपली नव्हती. कव्हर चकचकीत, कडा धारदार. संचालक म्हणाले, ही याच महिन्यात नव्यानं निघालीय. मूळ टेपची एक नक्कल म्हणे उत्तरेकडं एका म्हाताऱ्याच्या माळ्यावर सापडली. श्रवणकक्षात नेहमी येणाऱ्या आपल्या प्रोफेसरांनीच ती शोधून काढली, पेपरात फोटोसुद्धा आला. त्यांनी भेट दिली ही प्रत.

“आता जुन्या रेकॉर्डला विचारतो कोण? वाईट त्याचं नाही वाटत. विश्वासाचं वाटतं,” त्यांनी सुस्कारा सोडला.

विश्वास! माझा हात टेबलावर आपटायला निघाला होता, तो मी त्या रेकॉर्डकडं वळवला आणि दोन दिवसांसाठी नेऊ का म्हणून विचारलं. त्यांनी ती अशी दिली जशी रद्दी द्यावी.

३

घरी आल्यावर मी माझं मशिन खाली वहिनीकडं नेलं. ती भाजी चिरत होती. मी म्हटलं, ऐका तरी, तुमचं दुखणं नव्या कपड्यात आलंय.

ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तीन गाणी गेली. चौथं संथ आहे. ढोल एकसारखा पडतो, चार-चार ठोक्यांचं आवर्तन, जणू कुणी जड बूट घालून जिना चढतंय. गाण्याच्या मधोमध एक ठोका पडला, आणि पुढचे तीन पडायच्या आतच नवी ओळ सुरू झाली.

वहिनीची सुरी थांबली. “उडाली,” ती म्हणाली.

मी सुई उचलली. दिव्याखाली रेकॉर्ड तिरपी धरून पाहिली. आरशासारखी स्वच्छ. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा तर मी डोळ्यांनी सुई बघत बसलो. ती जराही हलली नाही, सरळ आपल्या वाटेनं गेली, आणि तरी ते तीन ठोके आलेच नाहीत.

तेव्हा वहिनीनं मला सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वाऱ्यानं खिडकी आपटली, ती दचकली आणि तिच्या हातातून सुई घसरली. चौथ्या गाण्यावर बारीक ओरखडा आला. तेव्हापासून सुई तिथं एक चरा, म्हणजे रेकॉर्डवरच्या गोल रेघेचा एक अख्खा वेढा, ओलांडून पुढं पडायची. तिनं त्याच दिवशी रेकॉर्डच्या नोंदपत्रावर लिहून ठेवलं होतं, स्वतःच्या नावानिशी. कुणी विचारलं नाही, रागावलं नाही. नोंदपत्रं काचेमागं असतात, ती वाचतो कोण?

मी घड्याळ काढलं. अशी रेकॉर्ड पाच फेऱ्यांना नऊ सेकंद घेते, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. म्हणजे एक फेरी दोन सेकंदांहून थोडी कमी. मग मी ढोल मोजला. मिनिटाला शंभर ठोके. तीन ठोक्यांना लागणारा वेळ आणि एका फेरीचा वेळ, दोन्ही बरोब्बर सारखे.

म्हणून तर ते कानाला खुपत नव्हतं. सुई एक फेरी गाळायची, पण पडायची ती अचूक ठोक्यावर. ऐकणाऱ्याला वाटणार, ढोलवाल्यानंच मुद्दाम घाई केली.

टेप फिरते ती लांबच्या लांब, एका रिळावरून दुसऱ्या रिळावर. ती फेरीचा हिशेब ठेवत नाही. टेपमधून बरोबर एक फेरी गळणं शक्यच नव्हतं.

“म्हणजे टेप वगैरे काही सापडलेली नाही,” मी म्हणालो. “ही आपल्याच रेकॉर्डवरून काढलीय, वहिनी.”

तिनं सुरी खाली ठेवली. “माझ्यावर चोरीचा आळ,” ती हळू म्हणाली, “आणि माझीच चूक छापून विकतायत?”

४

आता प्रश्न एकच होता, कुणी? टेप शोधल्याचं नाव प्रोफेसरांचं होतं, पण त्यांनाही कुणीतरी फसवलं असू शकत होतं.

नवी रेकॉर्ड तयार करणारा आवाजवाला आमच्याच शहरात काम करतो. एका छापखान्याखालच्या तळघरात त्याची खोली. भिंतींना जाड फोम, वर यंत्रं धडधडतात, त्यामुळं छापखाना बंद असेल तेव्हाच त्याचं काम चालतं. तीन वर्षांपूर्वी तो बाहेरून इथं आला. जुनी रेकॉर्ड चढवून तिची खरखर धुवून काढायची सगळी अवजारं त्याच्याकडं होती, आणि वाचनालयातलं वायरिंगही त्यानंच बदललं होतं. मी तिथं गेलो तेव्हा माझा संशय त्याच्यावरच होता, हे कबूल करतो.

तो माणूस चिडकाच निघाला, पण चिडायला त्याला कारण होतं. त्याच्याकडं टेप आलीच नव्हती. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं आधीच उतरवलेलं, साफसूफ केलेलं संगीत पाठवलं होतं आणि फक्त आवाज खुलवायला सांगितलं होतं. कंपनीला ते कुणी दिलं, प्रोफेसरांनी की त्या माळ्यावाल्या म्हाताऱ्यानं, ते गुप्त. घंटा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती तेव्हा.

चौथ्या गाण्याचं मी नाव काढताच तो उसळला. तो म्हणाला की त्यानं पहिल्याच दिवशी कंपनीला लेखी कळवलं होतं, इथं तीन ठोके गळलेत, मूळ पुन्हा तपासा. आठवड्यानं उत्तर आलं. कंपनीनं त्याचं पत्र मूळ देणाऱ्याकडं पाठवलं होतं आणि त्याचं म्हणणं जसंच्या तसं पुढं धाडलं होतं.

“दाखवाल का?”

त्यानं ढिगातून कागद काढला. खाली सही नव्हती. मी वाचायला घाई करत नाही, दोनदा वाचला.

‘तिथं काहीही गळलेलं नाही. ते अडखळणं हाच या गाण्याचा प्राण आहे. ते दुरुस्त करणं म्हणजे पाप. कृपया हात लावू नये.’

“मी म्हटलं, मरू दे,” आवाजवाला म्हणाला. “मालक म्हणतो गाय, तर गाय. दूध देत नसली तरी.”

मी कागद मागून घेतला. जिना चढताना मनात एकच होतं, घंटेबद्दल ‘प्राण’ असा शब्द वापरणारा माणूस आमच्या शहरात कोण?

५

प्रोफेसरांनी कधी कुठं शिकवलेलं नाही. हे नाव त्यांना श्रवणकक्षातल्या लोकांनीच दिलं, कारण घंटेवर सगळ्यात जास्त लिहिलं ते त्यांनी. गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डी, सगळ्या ताठ उभ्या, एकसारख्या. त्यांनी स्वतः चहा केला. बशी पुसून दिली. माणूस असा गोड की राग कुठं टेकवावा कळू नये.

वहिनीबद्दल ते फार हळहळले. त्यांनीच संचालकांना सांगितलं होतं म्हणे, की पोलिसांत जाऊ नका. बिचारी बाई, एकटी, मोह झाला असेल, आपण समजून घेतलं पाहिजे. मी त्यांच्याच चहाचा घोट घेत हे ऐकत होतो. मनातल्या मनात मी तो कप तीनदा भिंतीवर फोडला.

टेपवाल्या म्हाताऱ्याचं नाव त्यांना सांगता येत नव्हतं. शब्द दिला होता. मी फार खोदलं नाही. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, पण चौथ्या गाण्यात मधेच काहीतरी होतं, ते ढोलवाल्याचं चुकलंय का?

प्रोफेसरांचा चेहरा उजळला. त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी ते सगळं वाजवून दाखवलं. जड पावलं, एक, दोन, तीन, चार. आणि मग तो एकटा ठोका, आणि झटकन पुढची ओळ.

“बर्फावर पाय घसरावा तसं,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षं मी याच्यासाठी जगतोय. जगात कुणी असं वाजवलेलं नाही.”

मी विचारलं, दुसरी एखादी प्रत कधी ऐकलीत?

“नाही हो. जन्मात पाहिली नाही. माझी घंटा म्हणजे आपल्या वाचनालयातली.”

मी उठलो. दारात म्हणालो की उद्या अकरा वाजता वहिनी सहीसाठी जाणार आहे, तुम्ही या, तिला तुमचा आधार वाटेल.

ते येतो म्हणाले.

६

शुक्रवारी संचालकांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. कागद टेबलावर, पेन शेजारी, टोपण आधीच काढलेलं. आवाजवाल्याला बघून संचालकांनी कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, सही होईलच, पण त्याआधी घंटेचं नोंदपत्र मागवा.

ते आलं. पिवळं पडलेलं जाड कार्ड. मी संचालकांनाच मोठ्यानं वाचायला लावलं. तारीख, वहिनीचं नाव आणि एक ओळ: माझ्या हातून ओरखडा आला, चौथ्या गाण्यात सुई एक चरा उडते.

मग मी प्रोफेसरांना विचारलं, तुम्ही सभासद कधी झालात? त्यांच्याऐवजी उत्तर वहिनीनं दिलं. या नोंदीनंतर तीन वर्षांनी.

मी जे सांगितलं ते मोजक्या शब्दांत सांगितलं, कारण आवाज चढला असता तर थांबला नसता. नवी रेकॉर्ड या ओरखडा पडलेल्या प्रतीवरून काढली आहे. ज्यानं काढली त्यानं टिकटिक, खरखर सगळं धुतलं, पण तीन ठोके गळलेले तसेच ठेवले, आणि विचारल्यावर तेच खरं म्हणून सांगितलं. वहिनीनं हे केलं असतं, तर तिला ती चूक ठाऊकच होती. सुईवर थोडं वजन ठेवलं की तो चरा पार होतो, हेही ठाऊक होतं. रेकॉर्ड झिजते म्हणून ती एरवी तसं करत नाही. संचालकांनी गाणं ऐकलेलंच नाही, त्यांना त्याचा प्राण कुठं असतो ते काय माहीत. आवाजवाल्याला पहिल्याच दिवशी खटकलं आणि त्यानं लेखी कळवलं. चोर स्वतःच्या चोरीकडं असं बोट दाखवत नाही. उरतो असा माणूस, ज्यानं जन्मभर फक्त हीच प्रत ऐकली, तीही काचेच्या अलीकडं बसून, सुई न बघता. ज्याच्या कानाला उडालेलं गाणं हेच गाणं.

मी तो बिनसहीचा कागद नोंदपत्राशेजारी ठेवला.

“किल्ली,” मी संचालकांना म्हणालो, “आता तरी सांगा.”

त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी, आणि मागच्या रविवारी पुन्हा, प्रोफेसर संग्रहाची यादी करतो म्हणाले, आणि यांनी दोन्ही वेळा किल्ली दिली. कुठं नोंद केली नाही. सोमवारी रेकॉर्ड गेल्याचं कळताच त्यांना ती किल्ली आठवली होती. मंगळवारी त्यांनी कागद टाइप करायला दिला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. किमान शंका तरी होती. आणि तरी त्यांनी पेनचं टोपण काढून दिलं होतं! मी पुष्कळ बिघडलेली यंत्रं पाहिली, पण कुठलंही यंत्र आपला बिघाड शेजारच्या यंत्रावर ढकलत नाही.

संचालकांनी कागद उचलला आणि फाडायला घेतला. झालं गेलं विसरून जाऊ म्हणाले.

“फाडू नका,” वहिनी म्हणाली. ती आल्यापासून पहिल्यांदाच नीट बोलली. “त्याच्यावरच खाली लिहा. किल्ली कुणी दिली, रेकॉर्ड कुणी नेली. आणि सही करा. मला चोर म्हटलंत ते चार लोकांत. हेही चार लोकांत लागलं पाहिजे.”

त्यांनी लिहिलं. घाम पुसत लिहिलं. वहिनीनं दोन शब्द खोडून पुन्हा लिहायला लावले.

प्रोफेसर इतका वेळ नोंदपत्राकडं बघत होते. टेप शोधणारा म्हणून आपलं नाव व्हावं, एवढ्यासाठी केलं, असं ते पुटपुटले. पहिल्यांदा तिथल्याच मशिनवर नुसती उतरवून घेतली, पण नवी निघाल्यावर जुनी रेकॉर्ड कपाटात राहिली असती तर कुणीतरी दोन्ही लावून बघितल्या असत्या. ती घरी होती, जपून ठेवली होती, दुपारपर्यंत आणून देतो म्हणाले. पण हे सगळं ते असं बोलत होते जसं दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं. मला वाटलं, लाज वाटतेय. लाज नव्हती. ते वेगळंच होतं.

“ओरखडा,” ते म्हणाले. “तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“काचेतून दिसायचं ना मला,” वहिनी म्हणाली. “तिथं आलं की तुम्ही डोळे मिटायचात. एवढा आनंद व्हायचा तुम्हाला. म्हटलं, कशाला मोडा? सव्वीस वर्षं मी तुमच्यासाठी ती चूक झाकली. आणि तुम्ही, बिचारी बाई, मोह झाला असेल?”

प्रोफेसरांनी नोंदपत्रावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यांनी जे विचारलं ते ऐकून आवाजवाल्यानंसुद्धा मान वर केली.

“ते तीन ठोके... खरे कसे आहेत? तुम्ही ऐकलेत. एकदा वजन ठेवून लावाल का? माझ्यासाठी?”

वहिनीनं नोंदपत्र उचललं, त्याच्यावरची धूळ तळव्यानं पुसली.

“सोमवारपासून खोली उघडी आहे,” ती म्हणाली. “चिठ्ठी द्या, नंबर लागला की बसा. मी कुणाला अडवत नाही. पण सगळ्यांना लावते तशीच लावणार.”

मग ती मला म्हणाली, चला भाऊजी, आणि आम्ही निघालो.